लो व्हिजन आणि रिहॅब: तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

नजर कमी झालेल्यांना ट्रेनिंग देण्याचं काम करताना पेशंटचे, त्यांच्या मुलांचे, सुनांचे, आई-वडिलांचे जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. प्रश्न शक्यतो ज्या शब्दांत येतात तसेच ठेवलेत. एकाच गोष्टीचा दोन ठिकाणी संबंध असेल तिथे कुठला प्रश्न बघायचा तो नंबर दिलाय, त्यामुळे सगळं एका दमात वाचायची गरज नाही.

१. लो व्हिजन म्हणजे आंधळेपणाच ना? मग वेगळं नाव कशाला?

नाही, आणि हा फरक खूप मोठा आहे. लो व्हिजन म्हणजे औषधं, ऑपरेशन, चष्मा सगळं करून झाल्यावरही नजर कमीच राहते, पण जी उरलीये ती कामाला येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी व्याख्या अशी की दोन्हींतल्या जास्त चांगल्या डोळ्यानेही ६/१८ पेक्षा कमी दिसतं, किंवा बघण्याचा घेर मध्यबिंदूपासून १० अंशांपेक्षा कमी आहे, पण माणूस नजर वापरून काम करतो किंवा करू शकेल. ६/१८ म्हणजे धडधाकट नजरेला जे अक्षर १८ मीटरवरून दिसतं ते तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं. चांगल्या डोळ्याने ३/६० पेक्षाही कमी दिसत असेल तर कागदोपत्री अंधत्व म्हणतात, पण त्यातल्या बऱ्याच लोकांना उजेड, आकार, हालचाल, कधी मोठी अक्षरंसुद्धा दिसतात आणि त्यांनाही या सेवेचा उपयोग होतो. तेव्हा कागदावर काय लिहिलंय यावरून घरी बसून निर्णय घेऊ नका.

२. डॉक्टर म्हणाले आता काही करता येणार नाही. मग रिहॅबवाले वेगळं काय करणार?

डॉक्टर बोलतात ते डोळ्याच्या आजाराबद्दल. पडदा खराब झालाय, नस सुकलीये, ती परत पहिल्यासारखी होत नाही हे खरंच आहे. पण त्या वाक्यातून घरी जाताना लोक वेगळाच अर्थ घेऊन जातात, की आता वाचन संपलं, बाहेर पडणं संपलं, स्वयंपाकघर संपलं, आणि तो अर्थ चुकीचा आहे. रिहॅबमध्ये आम्ही डोळा बरा करत नाही. उरलेल्या नजरेने, आणि जिथे नजर पुरत नाही तिथे कानाने, हाताने, मशीनने, तुमचं काम तुम्ही स्वतः कसं कराल ते शिकवतो. पत्र वाचणं, औषधाची बाटली ओळखणं, जिना उतरणं, फोन लावणं, सही करणं. यातलं एकेक परत आलं की माणूस बदलतो, हे मी रोज बघते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं नाही तर "मला लो व्हिजन क्लिनिकची चिठ्ठी द्या" असं सरळ मागा, त्यात संकोच नको.

३. पहिल्या भेटीत काय होतं? सोबत काय न्यायचं?

पहिला बराच वेळ नुसतं बोलणं असतं. तुम्हाला काय करायचंय आणि काय जमत नाही. "दिसत नाही" एवढं पुरत नाही. "बँकेचा मेसेज वाचता येत नाही", "पायरी संपली ते कळत नाही", "समोरच्याचा चेहरा कळत नाही म्हणून लग्नकार्याला जायचंच बंद केलं" असं सांगा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. मग नंबर परत तपासतात (कित्येकांना साधा चष्माच जुना झालेला असतो), जवळचं-लांबचं वाचन, कॉन्ट्रास्ट म्हणजे फिकट गोष्टी किती कळतात, बघण्याचा घेर, चकाकीचा त्रास. मग भिंगं, दिवे, फिल्टर वापरून बघायला देतात.

न्यायचं काय, तर घरातले सगळे चष्मे आणि भिंगं, अगदी पडून असलेली सुद्धा, डोळ्यांचे रिपोर्ट, आणि तुम्हाला खरोखर जे वाचायचंय ते. औषधाचं पाकीट, पोथी, पासबुक, विणकामाची सुई, काहीही. चार्टवरची अक्षरं वाचून घरी कुणाला काही मिळत नाही. एका भेटीत काम संपत नाही हेही धरून चला.

४. डोळ्यांवर ताण आला तर उरलेली नजर पण जाईल ना? म्हणून आम्ही आईला वाचू देत नाही.

कृपा करून वाचू द्या. नजर वापरल्याने संपत नाही. आजार वाढला तर तो आजारामुळे वाढतो, पुस्तकामुळे नाही. ही भीती जुनी आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही देशांत मुलांची "नजर वाचवायला" वेगळे वर्ग चालवले जायचे आणि त्यांना डोळे कमी वापरायला लावायचे. १९६४ मध्ये नॅटली बरागा या अमेरिकन शिक्षिकेने दाखवून दिलं की कमी नजरेच्या मुलांना बघण्याचा सराव दिला तर ती असलेल्या नजरेचा वापर जास्त चांगला करायला लागतात. डोळा तोच, वापर सुधारला.

डोळे थकतात, डोकं दुखतं, पाणी येतं, हे होतं. तेव्हा थांबायचं, दहा मिनिटांनी परत सुरू करायचं.

५. इंजेक्शनं अजून चालू आहेत. ट्रीटमेंट संपल्यावर यायचं का?

नका थांबू. दोन्ही एकत्र चालतं आणि चालावं. लोक वर्ष-वर्ष थांबतात, तोवर वाचायची सवय मोडते, नोकरी सुटते, बाहेर जाणं बंद होतं, आणि मग शिकवायला दुप्पट वेळ लागतो. नजर थोडी शिल्लक असताना शिकलेली गोष्ट पुढे नजर अजून कमी झाली तरी हाताशी राहते. रिहॅबला येणं म्हणजे ट्रीटमेंटवरचा विश्वास उडाला असं अजिबात नाही, आणि रिहॅब चालू आहे म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख चुकवायची असंही नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी: अचानक नजर कमी झाली, विजेसारखे चमकारे किंवा काळे ठिपके एकदम वाढले, पडदा ओढल्यासारखं झालं, सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या, तर आमच्याकडे नाही, ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

६. ऑनलाइन सगळ्यात मोठं भिंग मागवलं, काही उपयोग झाला नाही. का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर.

भिंग आकाराने मोठं असलं की ताकद कमी असते. ताकद हवी तर काच जास्त फुगीर लागते, आणि तशी काच मोठ्या आकाराची करता येत नाही. म्हणून हाताएवढं भिंग जेमतेम दुप्पट दाखवतं आणि खरं ताकदीचं भिंग छोटं असतं, ते बघून लोकांना वाटतं याने काय होणार. ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात, १० डायॉप्टरचं भिंग कागदापासून १० सेंटीमीटरवर धरावं लागतं, २० चं ५ सेंटीमीटरवर. म्हणजे ताकद वाढली की अंतर घटतं आणि एका वेळी दिसणारा भागही घटतो. किती ताकदीपासून सुरुवात करायची याचा एक ढोबळ हिशोब आहे, नजर ६/६० असेल तर ६० ला ६ ने भागायचं, १० आलं, तर साधारण १० डायॉप्टरपासून ट्राय करायचं. ही फक्त सुरुवात, कारण अक्षर जेमतेम ओळखू येणं वेगळं आणि सलग वाचणं वेगळं, सलग वाचायला जेमतेम दिसतं त्याच्या साधारण दुप्पट मोठं अक्षर लागतं. शिवाय आपल्या देवनागरीत वेलांटी, मात्रा, अनुस्वार हे शिरोरेघेच्या वर बारीक असतात, घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यात एवढीशी रेघ फरक करते, त्यामुळे इंग्रजी आकड्यांवर ठरवलेलं भिंग मराठी मजकुराला कमी पडू शकतं. म्हणूनच मराठी वाचायचं असेल तर मराठी मजकूर घेऊनच तपासणी करून घ्या.

आता धरायचं कसं. मागे एक आजोबा भिंग पेपरवर टेकवून स्वतः मात्र खुर्चीत मागे रेलून बसायचे आणि म्हणायचे दोनच अक्षरं दिसतात. भिंग कागदापासून हळूहळू वर उचलायला लावलं, अक्षर सगळ्यात मोठं आणि स्वच्छ होतं तिथे थांबवलं, मग डोकं पुढे आणून डोळा अगदी भिंगाजवळ नेला. अख्खा शब्द आला आणि पुढच्या शब्दाचं टोकही. भिंग तेच. डोळा भिंगाच्या जितका जवळ तितका दिसणारा भाग जास्त, एवढी एक गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून कित्येक भिंगं कपाटात पडून आहेत.

अजून एक, हे बऱ्याच दुकानदारांनाही माहीत नसतं: पायांवर उभं राहणारं स्टँडचं भिंग वापरताना वाचायचा चष्मा लावायचा. हातातलं भिंग बरोबर अंतरावर धरलं असेल तर लांबचा चष्मा चालतो. हात थरथरत असतील तर स्टँडचंच घ्या, त्यात दिवा असलेलं मिळतं. जास्त वेळ वाचायचं असेल किंवा खूपच जास्त ताकद लागत असेल तर व्हिडिओ मॅग्निफायर बघा, कॅमेरा आणि स्क्रीन असते, काळ्यावर पांढरी अक्षरं करता येतात, बसायचं अंतर नीट राहतं. मोबाईलनेही यातलं बरंच होतं, त्यासाठी प्रश्न ११.

एकच भिंग सगळ्या कामांना पुरत नाही. लांबचं बघायला, म्हणजे बसचा नंबर, फळा, यासाठी छोटी दुर्बीण वेगळी असते.

७. बाबांना मधलंच दिसत नाही, कडेचं दिसतं. चेहरे ओळखत नाहीत पण जमिनीवर पडलेलं नाणं उचलतात. नाटक करतायत का?

नाही हो. हे मॅक्युलाचं, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचं नुकसान आहे. ज्या गोष्टीकडे थेट बघाल तीच गायब होते आणि बाजूची दिसत राहते. नाणं कडेच्या नजरेत आलं, चेहऱ्याकडे मात्र त्यांनी थेट बघितलं. घरात यावरून किती भांडणं होतात आणि त्या माणसाला किती लागतं ते मी बघितलंय, म्हणून सगळ्या घराला बसवून हे समजावून सांगा.

उपाय म्हणजे थोडं बाजूला बघायला शिकणं. घरी अंदाज घ्यायला घड्याळाची युक्ती आहे. काट्यांच्या मोठ्या घड्याळाच्या मध्यावर बघायचं, मधला भाग पुसट असेल. मग नजर एकेका आकड्यावर न्यायची, बारावर, एकवर, दोनवर, आणि कुठल्या आकड्याकडे बघताना घड्याळाचा मध्य सगळ्यात स्वच्छ होतो ते बघायचं. समजा दोनच्या आकड्याकडे बघताना झाला, तर ती तुमची दिशा. मग चेहऱ्याकडे बघतानाही तेवढंच बाजूला बघायचं. वाचताना नजर त्या जागी स्थिर ठेवायची आणि डोळे हलवण्याऐवजी कागद उजवीकडून डावीकडे सरकवायचा. सुरुवातीला डोळा हट्टाने परत मध्ये येतो, आयुष्यभराची सवय आहे ती. रोज थोडा थोडा सराव, आधी मोठी सुटी अक्षरं, मग छोटे शब्द, मग ओळी. आठवडे लागतात. नेमकी दिशा ट्रेनरकडून पक्की करून घ्या, कारण मनाने निवडलेली दिशा कधी कधी वाचायला गैरसोयीची असते.

आणि घरच्यांनी एवढं करा, समोर आलात की नाव सांगा. "ओळख बघू मी कोण" हे नको.

८. माझं उलट आहे, मधलं छान दिसतं पण कडेचं नाही. भिंग घेऊ का?

बहुतेक वेळा नाही. काचबिंदू पुढे गेला किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसा (पडद्याचा हळूहळू वाढत जाणारा आजार) असला की बघण्याचा घेर नळीसारखा लहान होतो. अशात भिंगाने गोष्ट मोठी केली तर ती त्या नळीत मावतच नाही, अजून कमी कळतं. तुम्हाला शिकायचंय ते नजर फिरवणं: खोलीत शिरलं की थांबायचं, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ठरलेल्या क्रमाने. चालताना पायाशी न बघता लांब बघायचं आणि पायाशी काय आहे ते काठीला सांगू द्यायचं (प्रश्न १२).

स्ट्रोकनंतर दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते ते वेगळं. डावी बाजू गेली तर ओळीची सुरुवात सापडत नाही, तिथे समासात जाड रंगीत पट्टी लावायची आणि पट्टी दिसेपर्यंत डोळे डावीकडे न्यायचे. उजवी गेली तर पुढचा शब्दच दिसत नाही आणि वाचन फार मंदावतं, कारण आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. यासाठी सरावाचे प्रोग्रॅम आहेत, काहींना चष्म्याच्या काचेवर लावायचे प्रिझमही उपयोगी पडतात. काही पेशंटना ती बाजू दिसत नाही याचीच जाणीव नसते, मेंदू त्या बाजूकडे लक्षच देत नाही, तिथे आधी त्यावर काम करावं लागतं.

९. घरात मोठे लाइट लावले तरी वाचता येत नाही, आणि बाहेर उन्हात डोळे उघडत नाहीत. हे दोन्ही एकत्र कसं?

होतं असं, अगदी कॉमन आहे. उजेड जास्त हवा पण डोळ्यात नको, कामावर हवा. छताचा दिवा वाढवून फारसा फरक पडत नाही, मान हलवता येणारा टेबल लॅम्प कागदाजवळ आणा. दिव्याचं अंतर निम्मं केलं की कागदावरचा उजेड चौपट होतो, बल्ब तोच राहतो. दिवा बाजूने, डोळ्यांच्या पातळीच्या खाली, बल्ब उघडा दिसणार नाही असा, आणि लिहिताना लिहित्या हाताच्या उलट बाजूला. गुळगुळीत चकचकीत कागद आणि काचेचं टेबल टाळा.

बाहेर रुंद कडेची टोपी आणि पिवळे, केशरी, तपकिरी फिल्टरचे चष्मे. कुठला रंग चालेल हे आजारावरून सांगता येत नाही, लावून उन्हात उभं राहूनच कळतं. साधा काळा गॉगल बऱ्याच जणांना अजून अंधार करतो. उन्हातून आत आलात की दाराशी मिनिटभर थांबा, पडण्याचे प्रकार तिथेच जास्त.

१०. घरात काय बदल करायचे? सगळं घर पाडावं लागेल का?

छे. आधी कॉन्ट्रास्ट. पांढऱ्या भिंतीवर पांढरं बटण दिसत नाही, भोवती गडद टेप लावा. गडद भांडं गडद ओट्यावर ठेवू नका. पायरीच्या पुढच्या कडेला, आडवी, पूर्ण लांबीची वेगळ्या रंगाची पट्टी लावा, पहिल्या आणि शेवटच्या पायरीला तर नक्कीच. गॅसच्या आणि वॉशिंग मशीनच्या बटणावर चिकटवायचे उठावदार ठिपके मिळतात, "बंद" कुठे आहे ते बोटाला कळलं पाहिजे, पण सगळीकडे ठिपके लावू नका, मग कुठला कशाचा तेच कळत नाही. पाणी ओतताना बोटाचं टोक काठाच्या आत ठेवायचं, गरम असेल तर काठावर अडकवायचं बीप करणारं छोटं यंत्र वापरायचं. दारं एकतर पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट उघडं दार कपाळावर बसतं.

आणि वस्तू जागच्या जागी. हा नियम नजर कमी असलेल्या माणसासाठी नाही, बाकीच्या घरासाठी आहे.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा घालून जिना उतरताना खालचा भाग धूसर दिसतो. बाहेर जास्त चालणाऱ्यांनी लांबचा साधा चष्मा वेगळा करून घ्यावा.

११. मोबाईलवर काय काय होऊ शकतं? वेगळं मशीन घ्यायलाच पाहिजे का?

आधी हातातला फोन नीट सेट करा. सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो. अक्षर मोठं आणि ठळक, रंग उलटे, स्क्रीन झूम. आयफोनमध्ये मॅग्निफायर आणि व्हॉइसओव्हर आतच आहे, अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक, बऱ्याच फोनवर आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद दाबून चालू होतं. हे चालू केलं की फोन वापरायची पद्धतच बदलते, एकदा टॅप केलं की वाचून दाखवतो, दोनदा टॅप केलं की उघडतो, म्हणून बंद कसं करायचं ते आधी शिका, नाहीतर घाबरून लोक परत हात लावत नाहीत. सीइंग एआय, लुकआउट ही अॅप कॅमेऱ्यासमोर धरलेला मजकूर वाचतात, बी माय आइजवर व्हिडिओ कॉलने अनोळखी स्वयंसेवक बघून सांगतो (पासवर्ड, कार्डाचे नंबर त्यांना दाखवू नका). कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि प्लस दाबलं की मॅग्निफायर उघडतो, आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे.

औषधाचा डोस, पैशाची रक्कम अशा गोष्टी अॅपवर एकट्यावर सोडू नका. चुकीचं वाचलं तरी ते तेवढ्याच ठामपणे बोलतं.

१२. मला थोडं दिसतं, मग पांढरी काठी घेणं म्हणजे खोटं नाही का?

नाही. काठी ही पूर्ण न दिसणाऱ्यांसाठीच आहे असा नियम नाही. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेतल्या व्हॅली फोर्ज लष्करी हॉस्पिटलमध्ये रिचर्ड हूवर यांनी लांब काठीने चालायची पद्धत बसवली, समोर अर्धगोलात फिरवत पुढच्या पावलाची जागा तपासायची, आजचं सगळं ट्रेनिंग त्यावर उभं आहे. साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत उंची लागते, पण मापून घ्या. कुणाला फक्त रात्री लागते, कुणाला फक्त अनोळखी जागी. शिवाय फक्त ओळखीसाठी हातात धरायची छोटी काठी असते, तिने समोरच्याला कळतं की हा माणूस धक्का मुद्दाम मारत नाहीये. काठी घ्यायला सगळ्यात जास्त वेळ मनाला लागतो, आणि तो वेळ द्यावा.

सोबत चालणाऱ्यांनी हात धरून ओढू नका. त्यांना तुमच्या कोपराच्या वर धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला.

१३. मुलगी पुस्तक नाकाला लावून वाचते, मान वाकडी करून बघते. टीचर म्हणतात सवय मोडा.

मोडू नका. जवळ आणलं की अक्षर मोठं दिसतं, मुलांचा डोळा जवळचं फोकस करायला खूप ताकदीचा असतो, तिने स्वतःहून शोधलेलं भिंग आहे ते. मानेचं बघायचं तर, डोळे सतत हलत असतील (निस्टॅगमस) तर एका ठरावीक दिशेला बघताना ते हलणं कमी होतं आणि नजर स्वच्छ होते, म्हणून ती मान तशी ठेवते. सरळ बस म्हटलं की तिला कमी दिसतं. पाठ दुखू नये म्हणून उतरता डेस्क किंवा पुस्तकाचा स्टँड द्या. फळ्याजवळ, खिडकीकडे पाठ करून बसवा, टीचरनी फळ्यावर लिहिताना मोठ्याने वाचावं, वेळ जास्त मिळावा. आणि चष्मा असेल तर तो रोज लागला पाहिजे, लो व्हिजन आहे म्हणून चष्म्याचा काय उपयोग हा विचार चुकीचा.

ब्रेल शिकवायचं का, हा पुढचा प्रश्न असतोच. मोठी अक्षरं वाचता येतात पण पानभर वाचून मूल थकतं, वेग वर्गाच्या खूप मागे आहे, किंवा आजार वाढत जाणारा आहे, तर दोन्ही एकत्र शिकवा. ब्रेल म्हणजे हार नाही, ते लिहिता-वाचता येणं आहे. ऑडिओ ऐकून अभ्यास होतो पण शुद्धलेखन आणि गणित ऐकून येत नाही. पुस्तकं वाचता येतील अशा रूपात मिळावीत म्हणून २०१३ मध्ये मराकेश करार झाला, त्याने कॉपीराइटच्या परवानगीशिवाय अशी रूपं तयार करायला आणि एका देशातून दुसऱ्या देशात द्यायला वाट मिळाली.

तान्ह्या बाळाबद्दल विचारणाऱ्यांसाठी: शाळेचं वय होईपर्यंत थांबू नका, पहिल्या महिन्यांपासूनच सुरुवात होते.

१४. नोकरी सोडावी लागेल का?

लगेच राजीनामा देऊ नका, एवढं हात जोडून सांगते. आधी कामाची यादी करा, त्यातलं नेमकं काय अडतंय ते बघा. बहुतेकदा मोठी स्क्रीन, स्क्रीन रीडर, जागेची आणि दिव्याची अदलाबदल, थोडा जास्त वेळ यावर निभावतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात कामाच्या जागी अशा वाजवी सोयी देण्याचं तत्त्व आहे आणि बऱ्याच देशांचे कायदे त्यावर आधारलेत.

१५. डोळ्यांचे व्यायाम, बारीक भोकांचे चष्मे, गोळ्या, यांनी नजर परत येते असे व्हिडिओ येतात.

खराब झालेला पडदा किंवा सुकलेली नस व्यायामाने परत येत नाही. प्रश्न ७ आणि ८ मधला सराव हा वापर शिकण्याचा आहे, आजार घालवण्याचा नाही. भोकांचा चष्मा नंबरचा धूसरपणा तेवढ्यापुरता कमी करतो, पण उजेड आणि घेर दोन्ही घटवतो, लो व्हिजनमध्ये नेमकं तेच परवडत नाही. गोळ्यांचं म्हणाल तर वयामुळे होणाऱ्या मॅक्युलाच्या आजारात मधल्या टप्प्यावर ठरावीक जीवनसत्त्वं आणि झिंक यांनी आजार पुढे जाण्याचा वेग कमी होतो, २०१३ मध्ये आलेल्या एआरईडीएस-२ या मोठ्या अभ्यासाने त्यात बीटा कॅरोटीनऐवजी ल्युटीन आणि झियाझँथिन ठेवायचं ठरलं, कारण धूम्रपान करणाऱ्यांत बीटा कॅरोटीनने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पण गेलेली नजर यातून येत नाही आणि बाकी आजारांना या गोळ्या नाहीत. सिगरेट सोडणं मात्र खरंच उपयोगाचं.

१६. आईला घरात नसलेली माणसं, फुलं, नक्षी दिसते. वेड लागलंय का? ती कुणाला सांगतही नव्हती.

बहुतेक नाही, आणि हे तिला आजच्या आज सांगा. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. बॉनेट नावाच्या जिनिव्हाच्या अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल लिहिलं, मोतीबिंदूने नजर गेलेली, डोकं पूर्ण शाबूत, आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. डोळ्याकडून चित्र येणं कमी झालं की मेंदूचा बघणारा भाग स्वतःच चित्रं तयार करतो. ती फक्त दिसतात, बोलत नाहीत, आणि माणसाला माहीत असतं की हे खरं नाही. लोक वर्षानुवर्षं लपवतात, वेडं ठरवतील या भीतीने. नुसतं नाव कळल्यावर कित्येकांना रडू फुटतं.

दिसायला लागलं की दिवा लावायचा, उठून फिरायचं, डोळे काही वेळा डावीकडे-उजवीकडे करायचे, पापण्या मिटून उघडायच्या. बऱ्याच जणांत काळाने कमी होतं. पण आवाज ऐकू येत असतील, ती माणसं खरी आहेत असं वाटत असेल, विसरणं वाढलंय, नवीन औषध सुरू झालंय, तर डॉक्टरांना दाखवा, तिथे कारण दुसरं असू शकतं.

१७. मॅक्युला आधीच खराब आहे, मग मोतीबिंदू काढून काय फायदा?

कधी कधी बराच. चार्टवरच्या ओळी फार वाढणार नाहीत, पण धुकं आणि चकाकी कमी होते, रंग आणि कॉन्ट्रास्ट सुधारतो, चालणं सोपं होतं. कुणाला किती हे सर्जनच सांगतील, त्यांना "वाचन नाही, वावर सुधारेल का" असं विचारा. ऑपरेशननंतर नंबर बदलतो, म्हणून भिंगं परत तपासून घ्या.

१८. चार्टवर ६/९ येतं, सगळे म्हणतात नजर चांगली आहे. मग मी धडपडतो का?

कारण चार्ट म्हणजे काळी अक्षरं, पांढरा कागद, भरपूर उजेड. जग तसं नसतं. घेर, कॉन्ट्रास्ट, कमी उजेडातली नजर यातलं काहीही त्या आकड्यात येत नाही. या तीन तपासण्या मागा. मुलांमध्ये, विशेषतः जन्माच्या वेळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडलेल्या मुलांमध्ये, डोळा ठीक असतो आणि अडचण मेंदूच्या बघण्यात असते: रिकाम्या टेबलावरचं खेळणं सापडतं, पसाऱ्यातलं नाही. अशा मुलाला भिंग नको, समोरची गर्दी कमी करून पाहिजे.

१९. मधुमेह आहे, एक दिवस दिसतं, एक दिवस नाही. इन्सुलिन स्वतः घेऊ का?

साखर वरखाली झाली की नंबरही हलतो, म्हणून साखर स्थिर झाल्याशिवाय नवीन चष्मा करू नका, आणि भिंगं-दिवे वाईट दिवसाच्या हिशोबाने निवडा. ग्लुकोमीटर बोलणारा मिळतो. इन्सुलिनच्या पेनचं मात्र काळजीने: आकडा वाचता येत नसेल तर नुसते क्लिक मोजून डोस घेऊ नका, पेनच्या कंपन्याही ते करू नका म्हणतात. भिंगाने आकडा स्वच्छ दिसतो का ते ट्रेनरसमोर तपासा, नाहीतर डोस लावताना डोळस माणूस सोबत हवा. पायाची जखम दिसणार नाही, तेव्हा पाय रोज कुणाकडून तरी बघून घ्या.

२०. गाडी चालवू शकतो का?

बहुतेक लो व्हिजनवाल्यांना नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आणि नेदरलँड्समध्ये चष्म्यावर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीने, ट्रेनिंग आणि टेस्टनंतर, काही जणांना परवानगी मिळते. नियम जागेप्रमाणे बदलतात, लायसन्स देणाऱ्यांना विचारल्याशिवाय चालवू नका, ओळखीच्या रस्त्यावरसुद्धा नाही.

२१. ऐकूही कमी येतं. मग बोलणाऱ्या मशीनचा काय उपयोग?

हे आधीच सांगा, कारण मग सगळा प्लॅन बदलतो. आधी श्रवणयंत्र तपासून घ्यायचं, ते फोनला जोडता येतं. मग स्पर्शावर जास्त भर, उठावदार खुणा, थरथरणारं घड्याळ, आणि जमत असेल तर ब्रेल. नजर कमी असलेल्या माणसाला श्रवणयंत्राची बारीक बॅटरी बदलता येत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही, चार्जिंगवालं मागा. रस्ता ओलांडताना कानावर भरवसा ठेवायचं नेहमीचं ट्रेनिंग यांना जसंच्या तसं देऊ नये.

२२. वडील यायलाच तयार नाहीत. म्हणतात, मला आता काय करायचंय शिकून.

नजर जाणं हे दुःखच आहे आणि त्याला वेळ लागतो. पण महिने उलटले, झोप नाही, जेवण कमी, कुणाशी बोलणं नाही, तर ते नैराश्य असू शकतं, नजर गेलेल्यांत ते बरंच आढळतं आणि त्याच्यावर उपचार आहेत, ते आधी करा. मरणाबद्दल बोलत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

बाकी, "रिहॅबला चला" म्हणू नका. त्यांचं सुटलेलं एक काम शोधा. दाढी, क्रिकेटचा स्कोअर, मित्राला फोन लावणं. आमच्याकडे एकटे तुम्ही या, ते काम सांगा, आम्ही तेवढंच घेऊन सुरुवात करतो, जमत असेल तिथे घरी येऊन. आणि तोवर त्यांच्या हातातली कामं काढून घेऊ नका. ते हळू करतात, सांडतात, तरी करू द्या.